टोमॅटोचा आठवडा कोणाच्या पदरात?

जुलै २०२३ मध्ये किरकोळ बाजारातील टोमॅटोचा भाव शंभरीपार गेला आणि केंद्र सरकारला दिल्ली परिसरात तो नव्वद रुपये किलोने विकण्याची सोय करावी लागली. पुढच्या दोन-अडीच महिन्यांतच नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी भाव कोसळल्यामुळे तेच पीक रस्त्यावर ओतले. २०२१ च्या ऑगस्टमध्येही हेच दृश्य दिसले होते. पिकाचा भाव चढला की लागवड वाढते, लागवड वाढली की भाव पडतो आणि पुन्हा लागवड घटते. इझिकिएल या अर्थशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये विशद केलेला 'कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत' तो हाच. परंतु टोमॅटोच्या बाबतीत या जाळ्याला आणखी एक घट्ट धागा आहे, तो म्हणजे फळाचे अल्पायुष्य.

कांदा चाळीत काही महिने राहू शकतो. टोमॅटोला ती सवलत नाही. बरे, शीतगृहात ठेवावा तर हिरवट अवस्थेतील टोमॅटो बारा-तेरा अंशांखालच्या थंडीत बराच काळ राहिल्यास बाधतो; पुढे तो नीट पिकत नाही, त्याची चव जाते आणि तो लवकर सडतो. साहजिकच नारायणगाव वा पिंपळगाव बसवंत येथील लिलावात आलेल्या शेतकऱ्याला वीस किलोचे 'कॅरेट' माघारी नेणे परवडत नाही. ज्याला थांबता येत नाही, त्याला घासाघीसही करता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासनिबंधानुसार ग्राहकाच्या रुपयातील सुमारे ३३ पैसेच टोमॅटो उत्पादकाच्या हाती पडतात. या विषम वाटणीमागे इतर कारणे आहेतच. पण फळाची घाई हेही एक मोठे कारण आहे.

या पार्श्वभूमीवर अतिनील किरणांच्या प्रयोगांकडे पाहणे उद्बोधक ठरेल. जंतुनाशक दिव्यांतून निघणारे, सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे हे किरण पाणी व हवा निर्जंतुक करण्यासाठी पूर्वीपासून वापरात आहेत. १९९० च्या दशकात अमेरिकेतील टस्कीगी विद्यापीठात आणि कॅनडातील लावाल विद्यापीठात संशोधकांनी ते काढणीनंतरच्या टोमॅटोवर सोडून पाहिले. फळाच्या सालीवरील जंतू मरतात, हा त्याचा एक परिणाम. पण खरे नवल निराळेच होते. किरणांची अल्प मात्रा फळाला सौम्य आघातासारखी जाणवते आणि फळ प्रतिकाराला सिद्ध होते. त्यात बुरशीविरोधी द्रव्ये तयार होतात, पिकण्याची आज्ञा देणाऱ्या इथिलीन वायूची निर्मिती लांबते आणि पेशीभित्ती मऊ करणाऱ्या विकरांचे कार्य मंदावते. लावाल येथील प्रयोगांत दर चौरस मीटरला ३.७ किलोज्यूल एवढ्या मात्रेने पिकण्याची क्रिया सुमारे आठवडाभर लांबली. त्याच्या साडेसहा पट मात्रा दिलेल्या फळांची साल मात्र तपकिरी पडली. औषध आणि विष यांत भेद मात्रेचाच असतो, हे येथेही खरे ठरले.

गैरसमजाला जागा राहू नये म्हणून एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. लासलगावचे कांदा विकिरण केंद्र ज्यासाठी उभारले गेले ते कोबाल्टचे गॅमा किरण पदार्थाच्या आरपार जातात. अतिनील किरण सालीपाशीच थबकतात. ते फळात कोणताही अवशेष ठेवत नाहीत. मात्र याच गुणातून अडचणही उद्भवते. जो भाग सावलीत राहिला, तो कोराच राहतो. म्हणजे फळे कॅरेटमध्ये रचून वर दिवा लावणे निरुपयोगी. ती एका थरात पसरून फिरवावी लागतात. दिव्याची शक्ती फळाच्या पृष्ठभागापाशी दर चौरस मीटरला दहा वॅट धरली, तर उपरोक्त मात्रेसाठी सहा मिनिटांहून अधिक वेळ लागेल. आवकेच्या दिवशी हजारो कॅरेट हाताळणाऱ्या बाजारात ही सहा मिनिटे स्वस्त नव्हेत. शिवाय हे किरण कामगारांच्या डोळ्यांना व त्वचेला अपायकारक असल्याने बंदिस्त यंत्र हवे आणि अखंड वीजही हवी.

समजा, या अडचणी दूर झाल्या. तरीही प्रश्न उरतो तो असा की, वाढलेला आठवडा कोणाच्या पदरात पडणार? यंत्र व्यापाऱ्याच्या गोदामात बसले, तर शेतकरी पूर्वीप्रमाणेच सकाळच्या लिलावात मिळेल त्या भावाने मोकळा होईल आणि थांबण्याचे सामर्थ्य, पर्यायाने थांबण्याचा नफा, खरेदीदाराकडे जाईल. तंत्र तेच, पण मालकी बदलली की वाटणी बदलते. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. १९९१ मध्ये 'महाग्रेप्स'च्या रूपाने द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्था एकत्र आल्या आणि पूर्वशीतकरणाची सोय संस्थेच्या हाती राहिली, म्हणूनच बागायतदाराचा माल थेट परदेशी बाजारात पोहोचू शकला. टोमॅटोसाठीही अशी यंत्रे उत्पादक कंपन्यांच्या संकलन केंद्रांवर, सामाईक मालकीने उभी राहिली तरच त्यांना अर्थ आहे.

अर्थात, आठवड्याच्या अवधीने हंगामाचे अरिष्ट टळणार नाही. लागवडच दुप्पट झाली तर सात दिवस थांबूनही भाव सावरणार नाही. तेथे प्रक्रिया उद्योग आणि लागवडीची विश्वासार्ह माहिती हेच उपाय आहेत. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा व बटाटा यांसाठी पाचशे कोटींची 'ऑपरेशन ग्रीन्स' योजना जाहीर झाली. तिच्यानंतरही २०२३ चे चढउतार टळले नाहीत, यावरून निव्वळ तरतुदीची मर्यादा स्पष्ट होते.

परंतु आज आवक अधिक म्हणून माल न विकता चार दिवसांनी विकणे, जवळच्या बाजाराऐवजी दूरचा गाठणे, एवढे स्वातंत्र्य शेतकऱ्याला लाभले तरी ते क्षुल्लक नव्हे. व्यवहारात दुबळा ठरतो तो बहुधा ज्याच्यापाशी वेळ नसतो तोच. दिवा तो वेळ निर्माण करू शकतो. तो कोणाला द्यायचा, हे मात्र समाजालाच ठरवावे लागेल.