हाताने काढल्यासारखं दिसणारं थ्रीडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जून २०२३ मध्ये ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला, त्यांत मराठीही होती. मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून रचलेलं त्यातलं ‘मुंबॅटन’ शहर पाहताना वेताळाच्या गोष्टी वाचून वाढलेल्यांना इंद्रजाल कॉमिक्स आठवली असतील. हा योगायोग नाही, कारण चित्रपटाच्या कलाकारांनी सत्तरच्या दशकातली इंद्रजालचीच पानं डोळ्यांसमोर ठेवली होती. शहर संगणकातलं, पूर्ण थ्रीडी, पण दिसतं छापील चित्रासारखं. हे कसं साधतात, याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: थ्रीडी तयार करा, ‘कार्टून’चं बटण दाबा, झालं काम.

असं बटण खरोखरच आहे. त्याला टून शेडर म्हणतात, आणि ब्लेंडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही तो परिणाम मिळतो. समजा, जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या जुन्या कौलारू बंगल्याचं मॉडेल केलं. एरवी व्हरांड्याच्या गोल खांबावर उजेडाकडून अंधाराकडे शेकडो छटा हळूहळू उतरत जातात. टून शेडर तिथे हद्द आखतो: इकडे उजेड, तिकडे सावली, मधलं काही नाही. दोन-तीन सपाट रंग उरतात. मग बाह्यरेषा. मॉडेलची किंचित फुगवलेली प्रत घेऊन ती आतली बाजू बाहेर अशी उलटवतात आणि काळी रंगवतात. मूळ मॉडेलच्या मागून तिची फक्त कड दिसते, तीच रेषा.

बंगल्यापुरतं हे छान जमतं. पण व्हरांड्यात आजीला बसवा आणि तिला मान वळवायला लावा. नाकाची सावली गालावर वेडीवाकडी फुटते, प्रत्येक फ्रेममध्ये लपलपते. हाताने काढणारा चित्रकार ती सावली हवी तिथे काढतो, नको असेल तर काढतच नाही. संगणक मात्र सूर्य जिथे ठेवला असेल त्याचा हिशोब करतो.

जपानच्या आर्क सिस्टम वर्क्सने २०१४ च्या ‘गिल्टी गिअर झर्ड’ या खेळात यावर जे केलं, ते प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावं. पृष्ठभागाचा कोणता बिंदू कुठल्या दिशेला तोंड करून आहे, याची नोंद मॉडेलमध्ये असते. कलाकारांनी ती हाताने बदलली, म्हणजे सावली गणिताला नव्हे, चित्राला शोभेल तिथे पडेल. प्रत्येक पात्राला स्वतंत्र दिवा दिला आणि तोही हालचालीगणिक हलवला. रेषा कुठे जाड, कुठे बारीक, हेसुद्धा माणसांनीच ठरवलं. बटणाने सुरुवात होते, चित्र होत नाही.

गैरसमज: हालचाल जितकी गुळगुळीत, तितकं ॲनिमेशन चांगलं.

चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताच्या ॲनिमेशनमध्ये बहुधा एकच चित्र दोन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. त्या किंचित झटक्यालाच आपला डोळा ‘कार्टून’ म्हणून ओळखतो. संगणक दोन स्थितींमधली जागा आपणहून एकसारखी भरून काढतो आणि तिथेच सोंग उघडं पडतं. म्हणून ‘स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८) मध्ये वेगामुळे येणारा धूसरपणा काढून टाकला. शिवाय नवशिका स्पायडर-मॅन माइल्स सेकंदाला १२ चित्रांवर आणि मुरलेला पीटर २४ वर, दोघेही एकाच दृश्यात! माइल्सचं अवघडलेपण संवादाशिवाय कळतं. मला हा निर्णय त्या चित्रपटातला सर्वांत सुंदर वाटतो.

गैरसमज: थ्रीडीला असं चित्राचं रूप देणं हा खर्च वाचवायचा मार्ग आहे.

‘इंटू द स्पायडर-व्हर्स’मध्ये एका सेकंदाच्या ॲनिमेशनला साधारण आठवडा लागे. एरवी तेवढ्या वेळात चारेक सेकंद होतात.

गैरसमज: ही कालपरवाची टूम आहे.

डिस्नेच्या ‘द ग्रेट माउस डिटेक्टिव्ह’मध्ये (१९८६) बिग बेनच्या घड्याळातली चाकं संगणकाने आखली, ती रेषांमध्ये कागदावर उतरवली आणि मग नेहमीसारखी रंगवली. ‘द आयर्न जायंट’मध्ये (१९९९) महाकाय यंत्रमानव थ्रीडी होता, बाकी पात्रं हाताने काढलेली. यंत्रमानवाच्या रेषा फारच सरळ दिसू लागल्या, तेव्हा त्या मुद्दाम थोड्या थरथरवणारा प्रोग्राम लिहावा लागला.

गैरसमज: संगणकावर केलं म्हणजे हाताने केलेलं नाही.

मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकलेल्या गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोझ’ पाहा. २०१९ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात याच चित्रपटाने झाली. त्यात थ्रीडी मॉडेलवर चढवलेला शेडर नाही. सुमारे ६० कलाकारांनी दीडेक वर्ष खपून फ्रेममागून फ्रेम संगणकावर रंगवली. कागदाऐवजी पडदा आणि कुंचल्याऐवजी डिजिटल पेन, एवढाच फरक. हात तोच, मेहनतही तीच.

मुलीला किंवा मुलाला ॲनिमेशनच्या वर्गात घालणार असाल, तर तिथे कोणतं सॉफ्टवेअर शिकवतात हे विचारण्याआधी आठवड्याला चित्रकलेचे तास किती, ते विचारा. ब्लेंडर मोफत आहे, तो घरी बसूनही शिकता येईल.