मैत्री कासवाला, मग वटवाघळाला का नाही?

लेणी संवर्धनाच्या मोहिमेत आतल्या वटवाघळांचा प्रश्न हमखास निघतो. "धूर करा, पळतील," असे कुणीतरी सुचवते आणि आपण माना डोलावतो. आम्हीही डोलावली आहे. म्हणूनच संकटात असलेल्या दोन जीवांची तुलना करून पाहू.

पहिला जीव ऑलिव्ह रिडले कासव. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर पूर्वी त्याची अंडी उकरून नेली जात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखली. आज पिल्ले समुद्रात जाताना पाहायला शहरांतून लोक येतात. मादी एका वेळी शंभरेक अंडी घालते, त्यातली फार थोडी पिल्ले मोठी होतात. मासेमारीच्या जाळ्यांचा धोका आहेच. तरी हे कासव जगातल्या अनेक उष्ण समुद्रांत आढळते.

दुसरा जीव कर्नाटकातील कोलार लीफ-नोज्ड वटवाघूळ. हनुमनहळ्ळी गावाजवळची एकच गुहा हे त्याचे माहीत असलेले घर. संख्या दोनशेच्या आत, शेजारी ग्रॅनाइटच्या खाणी. बहुतेक वटवाघळांची मादी एका वेळी एकच पिल्लू देते, त्यामुळे झालेली हानी लवकर भरून निघत नाही. आययूसीएनच्या यादीत कासव 'असुरक्षित', तर हे वटवाघूळ 'अतिसंकटग्रस्त' आहे.

मग कासवासाठी महोत्सव आणि वटवाघळासाठी धूर का? कारण एक गोजिरे वाटते, दुसरे अशुभ. कायद्यानेही फळे खाणाऱ्या बहुतेक वटवाघळांना 2022 ची दुरुस्ती होईपर्यंत उंदीर-कावळ्यांसोबत 'उपद्रवी' यादीत ठेवले होते. आधी शिक्का मारायचा, मग वागणूक ठरवायची, ही रीत आपल्या समाजाने पिढ्यान्पिढ्या सोसली आहे. तीच आपण दुसऱ्या जिवावर कशी चालवायची?

बाबासाहेबांनी 1956 साली नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवरील दयेची प्रतिज्ञाही आहे. त्यात सुंदर-कुरूप असा भेद नाही. कीटक खाणारी वटवाघळे तर शेतीवरची कीडही कमी करतात.

तेव्हा पुढच्या मोहिमेत धूर, फटाके, ढोल नकोत. वटवाघळे असलेल्या दालनात गर्दी नको, त्यांच्यावर प्रखर दिवे नकोत. पिल्ले दिसली तर ते दालन सोडून बाकीची सफाई करू आणि पुरातत्त्व व वनविभागाला विचारूनच पुढे जाऊ. लेणी आपला वारसा आहेत, पण त्यांत राहणारे आपण एकटे नाही.

जय भीम, नमो बुद्धाय!