जेऊरचे ग्रहण आणि अणूचा तोल

२२ जानेवारी १८९८ रोजी आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला खग्रास सूर्यग्रहण दिसले. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल, या दोघांनीही वेधांसाठी करमाळा तालुक्यातले हेच ठिकाण निवडले होते.

सूर्यबिंब झाकले जाते त्या क्षणी कडेचा पातळ, तप्त वायू उजळून दिसतो. त्याचा प्रकाश लोलकातून पाहिला तर सुट्या रंगीत रेषा दिसतात. हायड्रोजनची तांबडी रेषा सूर्यावरही ६५६ नॅनोमीटरला आणि प्रयोगशाळेतल्या नळीतही तिथेच. असे का, याचे उत्तर तेव्हा कोणाजवळच नव्हते.

१९११ मध्ये रुदरफर्डने अणुकेंद्र दाखवले आणि कोडे वाढले. केंद्राभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन, जुन्या नियमांप्रमाणे, प्रकाश फेकत ऊर्जा गमावणार आणि सेकंदाच्या अब्जांशाच्याही आत केंद्रात कोसळणार. मग सोलापूरच्या भुईकोटाचा दगड उभा कसा?

१९१३ मध्ये बोरने सांगितले, की इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहता येते. जिन्यावर दोन पायऱ्यांच्या मध्ये उभे राहता येत नाही, तसे. हायड्रोजनची पहिली पायरी उणे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, दुसरी उणे ३.४, तिसरी उणे १.५१. तिसरीवरून दुसरीवर उतरताना १.८९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट बाहेर पडतात. तीच ती तांबडी रेषा! पहिल्या पायरीखाली पायरीच नाही. तिथला इलेक्ट्रॉन आणखी ऊर्जा गमावणार कसा?

पण खाली पायरी का नाही? बोरने ते गृहीतच धरले होते. उत्तर १९२०च्या दशकात मिळाले. इलेक्ट्रॉनला तरंगाचेही गुणधर्म आहेत. त्याला जितक्या अरुंद जागेत कोंडावे, तितकी त्याची गतिज ऊर्जा वाढते. केंद्र आत ओढते, कोंडमारा बाहेर रेटतो. हायड्रोजनमध्ये हा तोल मिलिमीटरच्या सुमारे दोन कोटीव्या भागाइतक्या अंतरावर साधतो. त्यामुळे ‘कक्षा’ हा शब्द सोयीचा. खरे चित्र संभाव्यतेच्या ढगाचे आहे. मोठ्या अणूंत पाउलीचा १९२५चा नियम सगळ्या इलेक्ट्रॉनांना तळाशी दाटी करू देत नाही, म्हणून पदार्थ जागा व्यापतो.

ग्रहणाची खग्रास अवस्था काही मिनिटांत संपली. त्या रेषांनी मात्र सूर्यावरचा आणि नळीतला हायड्रोजन एकाच जिन्यावर उभा असल्याची साक्ष दिली. जिन्याचा शोध लागायला तेव्हा पंधरा वर्षे होती.