बालाघाटाचे चालते देव

तुळजापूरला पहिल्यांदा जाणारा माणूस देऊळ शोधायला वर बघतो. सप्तशृंगी वर, जोतिबा वर, जेजुरी वर. देव म्हटला की चढण, ही आपली सवय. इथे मात्र गाव बालाघाटाच्या माथ्यावर आणि देऊळ डोंगराच्या कुशीतल्या खोलगट जागी. राजे शहाजी महाद्वारातून आत शिरले की पायऱ्या खाली उतरू लागतात. कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ, सिद्धिविनायक असे टप्पे घेत सरदार निंबाळकर दरवाजा येतो. त्याच्या आत होमकुंड आणि समोर भवानीचा गाभारा. या डोंगराचे पुराणातले नाव यमुनाचल.

देवळाची बांधणी पाहण्यासारखी आहेच, पण या संस्थानाचे खरे वेगळेपण सिंहासनावर आहे. गंडकी शिळेतली, आठ हातांची ही महिषासुरमर्दिनी चल मूर्ती आहे. ती सिंहासनाला जखडलेली नाही. वर्षातून तीन वेळा पुजारी तिला उचलून शेजघरातल्या पलंगावर निजवतात. भाद्रपद वद्य अष्टमीपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत घोरनिद्रा, दसऱ्यानंतर आश्विन पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. सगळे मिळून एकवीस दिवस. म्हणजे इथले नवरात्र घटस्थापनेच्या आधीच, देवीच्या झोपेने सुरू होते. युद्धाआधी विश्रांती आणि महिषासुराला मारून आल्यावर पुन्हा विश्रांती, असा भाविकांचा साधा हिशेब. बाईमाणूस दमणारच, हे देवीच्या बाबतीतही गृहीत धरलेले.

निजायचे तर पलंग हवा आणि सीमा ओलांडायची तर पालखी हवी. या दोन्ही वस्तू तुळजापुरात तयार होत नाहीत. पलंग पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावला घडतो आणि जुन्नर, अहिल्यानगर अशी मजल मारत येतो. पालखी राहुरीची, तिचा मान अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरच्या भगत घराण्याकडे. पलंगाच्या मानकऱ्यांचे तर आडनावच पलंगे. दोन्ही मान तेली समाजातल्या घराण्यांचे. गावोगावी मुक्काम, दर्शन, ओटी असे करीत पलंग आणि पालखी दसऱ्याच्या रात्री तुळजापुरात पोचतात. वाटेवरच्या गावांना देवी नंतर भेटते, तिचे अंथरूण आधी.

दसऱ्याची रात्र सरून एकादशीची पहाट होताना सीमोल्लंघन होते. मूर्तीला इजा होऊ नये म्हणून तिच्याभोवती एकशे आठ साड्या गुंडाळतात आणि तिला पालखीत बसवून प्रदक्षिणा घडवतात. पिंपळाच्या पारावर ती क्षणभर विसावते. कुंकवाची उधळण चाललेली असते, संबळ वाजत असते आणि ‘आई राजा उदो उदो’च्या गजरात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. आईला राजा म्हणणारा हा घोष या देवळाचा स्वभाव सांगतो. प्रदक्षिणा संपली की देवी नव्या पलंगावर निजते. काम झालेली पालखी आणि जुना पलंग होमाला अर्पण करायची रीत आहे. त्यामुळे पुढच्या वर्षी सुताराला पुन्हा लाकूड हाती घ्यावे लागते. वस्तू जपून ठेवली असती तर फार तर संग्रहालय झाले असते. ती दरसाल संपते, म्हणून कारागीर, मानकरी आणि वाट ही साखळी टिकली.

गाभाऱ्यातही कामांची अशीच वाटणी आहे. भोपे पुजारी, पाळीकर पुजारी, उपाध्ये, महंतांचे मठ, गोंधळी, आराधी. ज्याची त्याची सेवा ठरलेली. पहाटेचे चरणतीर्थ, अभिषेक, रात्रीची प्रक्षाळ पूजा हा रोजचा क्रम. नवरात्रात रथ, मुरली, शेषशायी, भवानी तलवार आणि महिषासुरमर्दिनी असे अलंकार मांडले जातात. कुणाचा कुठे हक्क, यावरून वाद होणारच. तुळजापूर निजामाच्या राज्यात असताना १९०९ साली ‘देऊळ-ए-कवायत’ नावाची नियमावली झाली. हैदराबादच्या निजामाचे सरकार तुळजाभवानीच्या पूजेची शिस्त कागदावर उतरवत होते, हा मराठवाड्याच्या इतिहासातला मजेशीर भाग. आज मंदिर संस्थानाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, पण जुने मान अजून बोलतात.

जसे बाहेरून येते तसे इथून बाहेरही जाते. नवरात्राआधी गावोगावची तरुण मंडळे येऊन भवानी ज्योत पेटवतात आणि ती हातोहात पळवत आपल्या गावी नेतात. कोजागरीला उलटा ओघ. सोलापूरहून जवळजवळ पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता रात्रभर चालणाऱ्या भाविकांनी भरतो. कर्नाटक आणि तेलंगणातूनही माणसे येतात. पौर्णिमेच्या या वाऱ्या आजच्या नाहीत. जवळच्या काटी गावच्या १३९८ सालच्या शिलालेखात तुळजापूरच्या पौर्णिमा यात्रेचा उल्लेख आहे. अफजलखानाच्या स्वारीत, १६५९ साली, पुजाऱ्यांनी मूर्ती आधीच हलवली होती, असे परंपरा सांगते. पुढे १६६१ साली शिवाजी महाराजांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली.

चालण्याची ही खोड एकट्या भवानीची नाही, साऱ्या जिल्ह्याची आहे. कळंब तालुक्यातल्या येरमाळ्याची येडेश्वरी डोंगरावर राहते. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत तिची पालखी डोंगर उतरून आमराईत येते आणि पाच दिवस तिथेच मुक्काम करते. वाटेवरच्या शिवारात हजारो माणसे वाकून चुनखडीचे खडे वेचतात आणि देवीला वाहतात. त्या चुन्याने देऊळ रंगवायची जुनी रीत. इथे भक्ताने आणायचे ते नारळ-फुलांच्या आधी मातीतून उचललेले खडे.

तुळजापूर तालुक्यातला खंडोबा तर दोन घरांचा धनी. वर्षातले सव्वादहा महिने त्याचा मुक्काम अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला, बोरी नदीच्या काठी. देऊळ दोन, मूर्ती एक. मार्गशीर्षात अणदूरची यात्रा आटोपली की देव नळदुर्गला जातो, पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तिथे भरते आणि मग तो परततो. दर वेळी दोन्ही गावचे मानकरी देव नेण्या-आणण्याचा लेखी करार करतात. श्रद्धा कितीही मोठी असली तरी व्यवहार चोख हवा, हे बालाघाटातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको.

या फिरत्या देवांमध्ये स्थिर राहिलेला एक आहे, येडशीचा रामलिंग. हाही दरीत. पायऱ्या उतरून खाली गेले की झाडीत महादेवाचे जुने देऊळ आणि पावसाळ्यात त्याला बिलगून वाहणारा ओढा. सीतेच्या शोधात राम इथे थांबला, जटायू इथे पडला, असे लोक सांगतात. त्याच शोधात रामाला भवानीने तुळजापूरच्या घाटशिळेवर उभे राहून वाट दाखवली, ही पुढची कथा. अशा रीतीने दोन क्षेत्रे एका गोष्टीने बांधली गेली. आजूबाजूचे रान १९९७ पासून अभयारण्य आहे. श्रावणी सोमवारी दरी माणसांनी भरते. एरवी तिथे माकडांचे राज्य असते. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात देवामुळे रान राखले गेले आणि रानामुळे देवाचा ओढा, असा तिथला परस्पर सौदा.

तुळजापुरात आता विकासाची कामे जोरात आहेत. रस्ते, दर्शनाची सोय, वाहनतळ हे सगळे व्हायला हवे. कोजागरीची गर्दी पाहिलेला माणूस त्याला नाही म्हणणार नाही. पण हे तीर्थ दगडाइतकेच चालण्यावर उभे आहे. म्हणून आराखड्याची खरी परीक्षा पायी येणाऱ्याला सावली आणि पाणी मिळते का, पलंग-पालखीला मुक्कामाची जागा राहते का, आणि घोडेगाव-राहुरीच्या कारागिराला पुढच्या पिढीतही हे काम परवडते का, यावर व्हावी. दर्शनाला जाणाऱ्यांनी एवढे करावे: नवरात्राची गर्दी टाळून निद्रेच्या दिवसांत एकदा जावे. तेव्हा देवी सिंहासनावर नसते, पण हे संस्थान कशावर चालते ते त्याच दिवसांत नीट कळते.