घरच्या सर्व्हरची सोळा वर्षे

इसवी सन २००७ मध्ये हिताची कंपनीने एक टेराबाइट क्षमतेची पहिली हार्ड डिस्क विक्रीस आणली आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज होम सर्व्हर’ ही प्रणालीही बाजारात आली. त्यामुळे छायाचित्रे, मैफलींची ध्वनिमुद्रणे, चित्रपट आणि घरगुती समारंभांच्या चित्रफिती एकाच यंत्रात जतन करून ती सर्व सामग्री दिवाणखान्यातील टीव्हीला आणि प्रत्येकाच्या संगणकाला पुरविण्याचे काम, जे तोवर कचेऱ्यांचे मानले जाई, ते मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात आले. तेव्हापासून २०२३ पर्यंतच्या काळाकडे पाहता एक गोष्ट वारंवार दिसते, ती अशी की, जुने यंत्र अपुरे पडून नवे घेण्याची वेळ आली म्हणजे जो तो पहिली चौकशी प्रोसेसरची करतो. आणि माझ्या मते या संबंध व्यवहारात सर्वांत गौण बाब तीच होय.

याचे प्रत्यंतर २०१० सालीच आले होते. एचपीने त्या वर्षी काढलेल्या प्रोलायंट मायक्रोसर्व्हर या लहानशा यंत्रातील एएमडीचा प्रोसेसर त्या काळच्या मानानेही दुर्बल होता; परंतु त्यात चार डिस्कांची सोय होती, स्वतःतील चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम त्याला चालत असे आणि वीज बेताची लागे, एवढ्या तीन गुणांवर ते अनेक घरांत वर्षानुवर्षे राबले. फाइल जशीच्या तशी टीव्हीकडे पाठवायची असेल, तर प्रोसेसरला श्रम असे पडतच नाहीत. श्रम पडतात ते ट्रान्सकोडिंगला, म्हणजे समोरच्या फोनला न पेलणारे चित्र त्याला पेलेल अशा रूपात तत्क्षणी उतरवून देण्याला. आणि तेवढ्यासाठी कचेऱ्यांनी मोडीत काढलेले अवजड सर्व्हर घरी आणून त्यांच्या पंख्यांचा कल्लोळ सोसणारे हौशी लोकही पुष्कळ होते. इंटेलने २०११ साली प्रोसेसरमध्येच या कामाची स्वतंत्र तरतूद केली, २०१७ पर्यंत ती दहा-बिटी एचईव्हीसी या अधिक दाबून साठविलेल्या चित्रालाही पुरेशी झाली, आणि २०२३ साली आलेल्या सहा वॅटच्या एन१०० प्रोसेसरने तर प्रोसेसर किती बलवान हवा हा वाद जवळपास निकालात काढला.

विजेचा जमाखर्च मात्र कोणी आधी मांडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. वर्षाचे तास ८,७६०. अहोरात्र चालणारे यंत्र १०० वॅट खात असेल तर वर्षाकाठी ८७६ युनिटे होतात आणि २५ वॅट खात असेल तर २१९. महावितरणची आकारणी टप्प्याटप्प्याने चढत जाणारी असल्यामुळे ही वाढीव युनिटे घरच्या बिलातील सर्वांत महाग टप्प्यात जाऊन पडतात, आणि चार-पाच वर्षांत एका उत्तम डिस्कची किंमत त्यात सहज खर्ची पडते.

खरी कसोटी डिस्कांचीच. २०११ च्या थायलंडमधील महापुराने तेथील कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर डिस्कांचे भाव भडकले, तेव्हा सुटे भाग हवे तेव्हा मिळतीलच हा भरवसा संपला. पुढे कौलांसारखे एकावर एक चढणारे पट्टे लिहून क्षमता वाढविण्याची एसएमआर पद्धत आली. अशा डिस्कवर नवा मजकूर लिहिताना शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागत असल्याने, निकामी डिस्कच्या जागी ती बसविली म्हणजे उरलेल्या डिस्कांवरून मजकूर पुन्हा उभा करण्याचे काम अतोनात लांबते. घरगुती सर्व्हरसाठीच म्हणून विकल्या जाणाऱ्या आपल्या डिस्कांपैकी काहींत ही पद्धत असल्याचे वेस्टर्न डिजिटलने मान्य केले ते एप्रिल २०२० मध्ये, तेही बोभाटा झाल्यावर. तेव्हापासून तपशीलपत्रकात सीएमआर (म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढविणारी पद्धत) हा शब्द पाहिल्याखेरीज डिस्क घेऊ नये, असा माझा आग्रह आहे.

पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये बर्कलीहून मांडलेली रेड ही, अनेक डिस्का एकत्र जोडून एखादी गेली तरी मजकूर वाचविण्याची, कल्पना स्वस्त, लहान डिस्कांच्या काळातली. आज आठ टेराबाइटच्या चार डिस्कांपैकी एक गेली, तर एका पॅरिटीच्या, म्हणजे एकच डिस्क गेलेली सोसणाऱ्या, रचनेत उरलेल्या तिन्ही, म्हणजे २४ टेराबाइट, अथपासून इतिपर्यंत निर्वेध वाचल्या जाव्या लागतात. आणि सर्वसाधारण डिस्कचे उत्पादक तर सुमारे साडेबारा टेराबाइटमागे एकापेक्षा जास्त वाचनदोष होणार नाही, एवढीच हमी देतात. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्या वागतात हे खरे, तरी घरासाठी मी दोन मोठ्या डिस्कांवर तीच सामग्री दोनदा ठेवणे पसंत करतो, आणि प्रत्येक तुकड्याची शहानिशा करणारी झेडएफएस प्रणाली वापरतो. एवढ्यानेही चुकून पुसलेली फाइल परत येत नाही, की चोरी आणि आग टळत नाही. मुंज, लग्न, साठीशांत यांच्या मिनीडीव्ही फिती तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा घेतात आणि त्या पुन्हा चित्रित होणे नाही. म्हणून तिसरी डिस्क परगावी, आप्तांच्या घरी असावी. नव्या यंत्राचे अंदाजपत्रक करताना मी तिची किंमत प्रथम बाजूला काढतो, त्यानंतर युपीएसची, आणि उरलेल्या रकमेत जो प्रोसेसर बसेल तो घेतो.