मुलांना घेऊन बगीच्यात जाताना : नागपूरच्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी



थंडी पडायला लागली की शाळेच्या गेटवर पालक हमखास विचारतात, "मॅडम, रविवारी मुलांना घेऊन कुठे जायचं हो? जास्त लांब नको, आणि खर्चही फार नको." आपल्या नागपुरात बगीचे, तलाव, टेकड्या काही कमी नाहीत. तरी बरेच पालक शेवटी मॉलमध्येच जातात. कारण विचारलं तर सांगतात, "मागच्या वेळी बगीच्यात गेलो, पण मुलांनी फार त्रास दिला."

मला वाटतं, त्रास मुलं देत नाहीत. आपण जागा चुकीची निवडतो. हे मी स्वतः चूक करून शिकले, म्हणून आधी तीच सांगते.

काही वर्षांपूर्वी तिसरीच्या वर्गाची डब्बा पार्टी मी शहरातल्या एका बगीच्यात नेली होती. फोटोत बगीचा फार छान दिसत होता. आधी जाऊन मी काही पाहिलं नाही. तिथे पोहोचल्यावर कळलं की संडासाला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नाही. मुलगे झाडामागे गेले. मुली गप्प बसल्या. त्यातली एक मुलगी दिवसभर पाणीच प्यायली नाही. मी बाटली पुढे केली की म्हणायची, "नको मॅडम, तहान नाही." परतताना बसमध्ये तिचं डोकं दुखायला लागलं, उलटी झाली. घरी सोडायला गेले तेव्हा तिच्या आईने मला काहीच म्हटलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. आठ वर्षांची मुलगी. तिने तोंड उघडून सांगितलं नाही, आणि मलाही तिच्या "तहान नाही"चा अर्थ कळला नाही.

तेव्हापासून मी बगीचा निवडताना खालील गोष्टी बघते.

जाण्याआधी स्वतः एक चक्कर

शक्य असेल तर आदल्या आठवड्यात, आणि शक्यतो त्याच वेळेला एक चक्कर मारावी. रविवारी सकाळचा बगीचा आणि बुधवारी दुपारचा बगीचा एकच नसतो. काय बघायचं?

१. संडास उघडा आहे का, आत नळाला पाणी आहे का, दाराला आतून कडी आहे का. हा पहिला प्रश्न. याचं उत्तर "नाही" असेल तर बाकीचे प्रश्न विचारू नका, दुसरा बगीचा बघा.

२. सावली कुठे आहे आणि ती किती वाजेपर्यंत टिकते. सकाळी नऊला जिथे सावली असते तिथे बारा वाजता ऊन येतं. कडुनिंब, वड, करंज अशा दाट झाडांखालची जागा बघून ठेवा.

३. घसरगुंडी आणि झुले धड आहेत का. तुटलेला पत्रा, निघालेला खिळा, झुल्याची झिजलेली कडी हे हात लावून तपासा. पत्र्याची घसरगुंडी असेल तर उन्हात ती तव्यासारखी तापते.

४. पाणी किती जवळ आहे आणि मध्ये कठडा आहे का.

५. वर बघा. मोठ्या झाडाला आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर त्या झाडाखाली सतरंजी टाकू नका. मुलांना आधीच सांगून ठेवा की दगड मारायचा नाही. आजूबाजूला धूरही करायचा नाही.

६. बसायला मोकळी जागा अशी हवी की एका जागी बसून आपल्याला सगळी मुलं दिसली पाहिजेत.

वय बघून जागा निवडा

एकच बगीचा सगळ्यांना चालत नाही. तीन वर्षांच्या मुलाला वाघापेक्षा वाळूत जास्त मजा येते. दहा वर्षांच्या मुलाला वाळूत बसवलं तर तो अर्ध्या तासात मोबाइल मागतो.

*सहा वर्षांच्या आतली मुलं :* यांच्यासाठी घराजवळचा लहान बगीचाच उत्तम. आपल्या वस्तीतला महापालिकेचा बगीचा मुलाला ओळखीचा असतो, थकला की लगेच घरी आणता येतं. या वयात दोन तास म्हणजे पूर्ण सहल. "इतक्या जवळ कशाला जायचं" हा प्रश्न मोठ्यांना पडतो, मुलांना पडत नाही.

*सहा ते नऊ वर्षं :* धरमपेठेतलं ट्रॅफिक पार्क या वयाला फार योग्य. तिथे छोटे रस्ते, सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग आहेत. पहिली-दुसरीला आपण वाहतुकीचे नियम फळ्यावर शिकवतो, ते तिथे पायाने शिकता येतात. मुलाला सांगा, "आज तू मला रस्ता पार करवून दे." मग बघा तो किती जबाबदारीने हात धरतो.

याच वयाला महाराजबागही चालते. भोसल्यांच्या काळातली ही बाग. इथलं प्राणिसंग्रहालय १८९४ पासूनचं आहे आणि त्याची व्यवस्था डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांनीही लहानपणी इथला वाघ पाहिला असेल. आजी-आजोबांना सोबत न्यायचं असेल तर ही जागा निवडा, कारण सांगण्यासारखं त्यांच्याकडेच जास्त असतं. सीताबर्डीला लागूनच असल्याने मेट्रोनेही जाता येतं.

*नऊच्या वरची मुलं :* यांना चालायला, शोधायला, प्रश्न विचारायला जागा हवी. सेमिनरी हिल्सची टेकडी, अंबाझरीचं जैवविविधता उद्यान, गोरेवाडा ही ठिकाणं यांच्यासाठी. गोरेवाड्याचं बाळासाहेब ठाकरे आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यान २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. तिथे सफारीच्या बसमध्ये बसून वाघ, बिबट, अस्वल आणि हरणं बघायची असतात. पण एक लक्षात ठेवा : ही बघायची जागा आहे, धावायची नाही. मधेच बसमधून उतरता येत नाही. त्यामुळे अगदी लहान मूल सोबत असेल तर आधी विचार करा.

प्राणिसंग्रहालयांना बहुधा सोमवारी सुट्टी असते. तिकीट आणि वेळा बदलत असतात, म्हणून निघण्याआधी विचारून घ्या. दारावरून परत आलेलं मूल दिवसभर रुसतं.

तलाव : सुंदर, पण सावध

फुटाळा आणि अंबाझरी हे नागपूरकरांचे लाडके तलाव. संध्याकाळी फुटाळ्यावर सूर्यास्त बघायला घेऊन जा, जरूर जा. पण डब्बा पार्टीसाठी, त्यातही लहान मुलं असतील तर, तलावाचा काठ मी निवडत नाही. मोठी माणसं गप्पांत रमली की मूल पाण्याकडे सरकतं. जायचंच असेल तर आळीपाळीने एका मोठ्या माणसाने फक्त पाण्याच्या बाजूला बसायचं. त्या वेळात त्याच्या हातात मोबाइल नको.

पावसाळ्यात तर तलावाजवळ नकोच. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट कोणता नागपूरकर विसरेल? काही तासांच्या पावसाने अंबाझरी ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट अशा वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. त्या भागातल्या मुलांनी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. पाचवीच्या मुलांना तलाव दाखवताना हेही सांगायला हवं : शहराला पाणी मिळावं म्हणून बांधलेला हा तलाव, इथून पुढे नाग नदी शहरातून वाहत जाते, तिच्यावरूनच गावाला नागपूर नाव पडलं. आपण तिला नाला म्हणतो, ती आहे नदी. परिसर अभ्यासाचा पूर्ण पाठ त्या काठावर उभा राहून होतो.

आपल्याकडचं ऊन आणि ऋतू

नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे काही सांगायला नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला सहलीचा काळ. मार्चपासून सकाळी सात ते साडेनऊ एवढाच वेळ धरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं घरात कंटाळली तर बगीच्याऐवजी गांधीसागर तलावासमोरचं रमण विज्ञान केंद्र बरं. १९९२ साली सुरू झालेल्या या केंद्रात प्रयोग हाताळता येतात, तारांगणही आहे.

जानेवारीत संक्रांतीच्या आसपास दुचाकीवर मुलाला पुढे उभं करून नेऊ नका. बंदी असूनही नायलॉन मांजा दिसतो आणि तो गळ्यावर येतो. त्या दिवसांत मेट्रो किंवा बस बरी.

डब्यात काय, आणि कचऱ्याचं काय

पोळी-भाजी, सांबारवडी, मुरमुऱ्याचा चिवडा, गूळ-शेंगदाणे. हाताने खाता येईल आणि सांडणार नाही असं न्या. संत्री तर हवीतच. सोलण्याआधी प्रत्येकाला विचारा, "तुझ्या संत्र्यात किती फोडी निघतील?" अंदाज, मोजणी, तुलना आणि अपूर्णांक, सगळं गणित खाता खाता होतं.

प्राण्यांना मात्र एकही फोड द्यायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना खायला घालणं, चिडवणं आणि तिथे कचरा करणं हा गुन्हा आहे. मोठ्या माणसाने माकडाला बिस्कीट टाकलं तर मुलाला शिकवलेलं सगळं तिथेच पुसलं जातं. कचऱ्यासाठी घरून एक कापडी पिशवी न्या आणि ती भरून घरी आणा.

मुलांना काम द्या

"जा, खेळा" म्हटलं की अर्ध्या तासाने भांडणं सुरू होतात. मधेमधे अशी छोटी कामं दिली की दिवस रंगतो :

- एका झाडाशी दोस्ती : दोऱ्याने बुंध्याचा घेर मोजा, घरी येऊन पट्टीने किती भरतो ते लिहा. पुढच्या वर्षी त्याच झाडाकडे परत जा.
- दोन मिनिटं डोळे मिटून बसा आणि ऐकलेल्या आवाजांची यादी करा. राघू, साळुंकी, कोतवाल ओळखता येतात का? वड-पिंपळाची फळं पिकली असतील तर राखी धनेशही दिसू शकतो.
- खाली पडलेली पाच वेगवेगळी पानं गोळा करा. तोडलेली चालणार नाहीत.
- परत आल्यावर पाच वाक्यं. "मला काय आवडलं" याबरोबरच "मला काय आवडलं नाही" हेही लिहून घ्या.

ते शेवटचं वाक्य मी मुद्दाम ठेवलंय. त्या डब्बा पार्टीनंतर मी वर्गाला हाच प्रश्न दिला होता. त्या मुलीने वहीत लिहिलं होतं, "बगीचा चांगला होता. बाथरूम बंद होतं." एवढंच. जे ती तोंडाने सांगू शकली नाही ते तिने लिहिलं. पुढच्या वर्षी जागा ठरवताना मी चौथीतल्या चार मुलींना विचारलं, "काय काय बघून येऊ?" त्यांनी मला यादीच करून दिली. वर दिलेल्या यादीतला "दाराला आतून कडी आहे का" हा प्रश्न माझा नाही, तो त्यांचा आहे.

तेव्हा या रविवारी निघण्याआधी नकाशा उघडायच्या आधी मुलांना विचारा. आणि मूल "तहान नाही" म्हणालं, तर आधी संडास कुठे आहे ते बघा.