ऊन आणि सावली एका फोटोत

भर दुपारी शेतातून घरी यावे आणि माजघरात पाऊल टाकावे. क्षणभर काहीच दिसत नाही. मग हळूहळू कणगी दिसते, उतरंड दिसते. असे का होते? डोळ्यात बाहुली असते. उन्हात ती बारीक होते. अंधारात ती मोठी होते आणि जास्त उजेड आत घेते. जसा उजेड, तसा डोळा स्वतःला जुळवून घेतो.

कॅमेऱ्याचे तसे नाही. तो एका फोटोसाठी एकदाच उजेड घेतो. समजा, आजी ओसरीवर बसली आहे आणि मागे अंगणात लख्ख ऊन आहे. अंगण नीट आले तर आजीचे तोंड काळे येते. तोंड नीट आले तर अंगण पांढरेफटक होते. कित्येक घरांत म्हाताऱ्या माणसाचा एकच फोटो असतो. पुढे तोच भिंतीवर लागतो. त्यात तोंडच दिसले नाही, तर नातवंडांनी काय पाहावे?

यावर एक तोड आहे. तिला एचडीआर म्हणतात. ही तीन इंग्रजी अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ असा की, लख्ख उजेडापासून गडद सावलीपर्यंतचा मोठा पल्ला एका फोटोत धरायचा.

ही कल्पना जुनी आहे. फ्रान्स देशात गुस्ताव्ह ल ग्रे नावाचे फोटोग्राफर होते. त्या काळी समुद्र नीट आला की आभाळ कोरे येई. म्हणून 1856-57 च्या सुमारास त्यांनी काही चित्रांसाठी समुद्र एका काचेवर घेतला, आभाळ दुसऱ्या काचेवर घेतले आणि दोन्ही जोडून एक चित्र केले. पुढे 1997 साली अमेरिकेत पॉल डेबेवेक आणि मूळचे भारतातले जितेंद्र मलिक यांनी असे अनेक फोटो संगणकाने कसे जुळवावे, याची रीत मांडली.

आता रीत पाहा. कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर पक्का ठेवावा. जागा न हलवता तीन फोटो घ्यावे. पहिला मध्यम उजेडाचा. दुसरा चौपट कमी उजेडाचा. तिसरा चौपट जास्त उजेडाचा. म्हणजे पहिल्याला सेकंदाचा 100 वा भाग लागला, तर दुसऱ्याला 400 वा आणि तिसऱ्याला 25 वा. कमी उजेडाच्या फोटोत अंगण चांगले येते. जास्त उजेडाच्या फोटोत सावलीतले दिसते. संगणक प्रत्येकातले चांगले तेवढे निवडून घेतो. सुपात धान्य पाखडून निवडावे, तसेच हे.

पण तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आमच्याकडे तर नुसता मोबाइल आहे!" हरकत नाही. पुष्कळ मोबाइल हे काम स्वतःच करतात. ते भराभर अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतात. काहींत कॅमेरा उघडला की एचडीआर असे लिहिलेले दिसते. ते चालू करावे. मोबाइल दोन्ही हातांनी धरावा. कोपर खांबाला टेकवावे, म्हणजे हात हलत नाही. आजीलाही क्षणभर स्थिर बसायला सांगावे. पळते पोर किंवा शेपूट हलवणारी गाय असेल तर एकाच्या दोन आकृत्या उमटू शकतात.

आभाळ भरून आले असेल, उजेड सगळीकडे सारखा असेल, तर या युक्तीची गरज नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. रंग फार भडक करू नका. जास्त मीठ पडलेली आमटी आणि जास्त रंगवलेला फोटो, दोन्ही सारखेच. पावसाने घर पडले, तर आतली पडझड आणि बाहेरची भिंत दोन्ही फोटोत यायला हवीत. तेथे ही युक्ती उपयोगी पडते. पण असा फोटो पुरावा म्हणून दाखवायचा असतो. त्यात काही बदलू नका आणि मूळ फोटो पुसू नका.

आम्ही स्वतः हे साठी उलटल्यावर शिकलो. तुम्हालाही जमेल. आज दुपारीच घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला दारात बसवा. एक फोटो एचडीआर बंद ठेवून काढा, दुसरा चालू ठेवून काढा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहा. कोणत्या फोटोत डोळे दिसतात, ते त्यांनाच विचारा.